नागसेनचं इमान कशानं पडलं

नागसेन माझा धाकटा भाऊ. पुराच्या पान्यात गेला, त्येला आता बरीच वर्सं झाली. तरी मानसं भेटली की इचारत्यात, "आक्का, त्येचं इमान कशानं पडलं वो?" मला ते कळलं तवा मी शाळंच्या व्हरांड्यात भितीला टेकून बसल्याली.

इमान म्हंजे मानसं बसत्यात ते न्हवं. कवंत मावंल एवढं. लाकडाच्या बारीक पट्ट्या, नाकात बारकं इंजान, आन् वरनं कापड. ते कापड मी चिकटवल्यालं. मी तवा माधवनगरच्या गिरनीत कामाला. कोरं कापड, रंग न दिल्यालं, बारीक सुताचं, ते घरात पडल्यालं असायचं. त्येच्यावर नागसेन कसलंतरी औषध फासायचा. घरभर वास सुटायचा, डोळं चुरचुरायचं. वाळलं की पंख असा ताठ, टिचकी मारली की ढोलकीवानी वाजायचा.

म्हनून त्यो गेल्यावर माझ्या डोक्यात एकच किडा. कापड सुटलं का? माझ्या हातचं कापड सुटून इमान पडलं, आन् म्हनून त्यो पान्यात उतरला का? घास तोंडाजवळ न्यायचा आन् त्येच आठवायचं.

आता पयल्यापास्नं सांगते.

आमचं माहेर कृष्णाकाठी. कुंडलवरनं नदीकडं उतरत गेलं की येतं. नदीच्या अल्याड आमचं गाव, पल्याड दुसरं. नागसेन फौजेत तोफखान्यात हुता. पर तोफ चालवायचा न्हाई. तोफावाल्यांना नेम शिकायला आभाळात काय तरी लागतं का न्हाई? तर बिनमानसाचं इमान वर सोडायचं आन् खालनं हातातल्या बिनतारी सेटनं फिरवायचं, हे त्येचं काम. सुट्टीवर आला की सांगायचा, "आक्का, मी उडवायचं आन् त्यांनी पाडायचं. पाडलं की ते मिठाई वाटनार. न्हाई पडलं की शिव्या मला. म्हननार, ह्यो लय वाकडं उडवतोय."

"मग सरळ उडव की रं," आमची आई म्हनायची.

"सरळ उडवलं तर मिठाई त्यांनाच मिळती, आये."

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला त्यो पेन्शन घिऊन गावी आला. आमच्या काठावर नाथाजी म्हनून एक नाववाला हुता. त्येनं पोरं गोळा करून पुरात मानसं काढायचं पथक केल्यालं. सरकारी काय न्हाई. कुनी बोलवायची वाट न बगता ज्येनं त्येनं यायचं. त्यांची अडचन एकच. पुराच्या धारंत नाव सरळ जात न्हाई, वाहत जाती. आधी दोर पलीकडं बांधल्याला पायजे, मग दोराला धरून नाव जाती. पर अडकल्याल्या मानसापत्तुर दोर न्यायचा कुनी? भोपळा सोडून बगितला, ट्यूब सोडून बगितली. पोहनाऱ्याला सोडायचं म्हंजे त्येचं नशीब.

नागसेन म्हनला, "इमानाला गळाची दोरी बांधू. इमान त्यांच्या डोक्यावरनं गेलं की दोरी अंगावर पडती. ती त्यांनी ओढायची. तिला मागं सुतळी, सुतळीला मागं दोर."

नाथाजी म्हनला, "आन् दोराला मागं तू."

"न्हाई," नागसेन म्हनला, "मी काठावर. सेट धरनाऱ्यानं पान्यात उतरायचं न्हाई. नियम हाय."

त्येचं सगळं नियमात. गडी मस्करी करायचं, "नागसेनदाजी, शिंकायचा नियम काय वो?" पर पयल्याच पुरात बाभळीवर अडकल्यालं दोन गडी त्या दोरीनं काढलं, तवा मस्करी बंद झाली. पेपरात फोटू आला.

फोटू आला आन् साहेब पन आलं. कुठल्या हापिसाचं ते मी सांगत न्हाई. त्यांनी इमान उचलून बगितलं, उलटं केलं, हुंगलं.

"परवाना कुठाय?"

"बिनतारीचा मागितलाय साहेब. आजून आला न्हाई."

"आन् उडवायचा?"

"उडवायचा कुनाकडं मागायचा?"

साहेबांनी इचार केला. "ह्यात बसतं कोन?"

"कोन न्हाई."

"मग परवाना कुनाच्या नावानं द्यायचा?"

नाथाजी मागनं म्हनला, "द्या की, ज्येला काढायचाय त्येच्या नावानं. पूर आल्याव कळवतो." सगळी हसली. साहेब पन हसलं. शेवटी तोंडीच सांगून गेलं. झाडाच्या वर लय न्यायचं न्हाई. पुलावर, गर्दीवर न्यायचं न्हाई. पोलिसपाटलाला सांगितल्याबिगर उडवायचं न्हाई. फोटू काढायचा डबा लावायचा न्हाई. नागसेन खूश. म्हनला, "आक्का, कायतरी नियम झालं एकदाचं."

पर जी गोष्ट पुढं नडनार हुती ती साहेबांना ठावी न्हवती. ती फकस्त नागसेनला ठावी हुती. आन् लालासाहेबला.

लालासाहेब पल्याडच्या गावचा. ऊसवाला गडी, घरात तीन पिढ्या फौजेत. त्यो आन् नागसेन एकाच ट्रकातनं भरतीला गेल्यालं. पलटनी येगळ्या, पर सुट्टीवर आलं की दोघं नदीच्या मधल्या वाळूत बसनार, ह्येनं तिकडनं यायचं, त्येनं हिकडनं. लालासाहेबनं आमच्या घरात बसून लय बारीला भाकरी खाल्ल्याली. त्येनं पन त्येच्या काठावर पथक काढलं आन् नागसेनच्या सांगन्यावरनं, त्याच दुकानातनं तसाच सेट आनला.

तसाच म्हंजे अगदी तसाच. दोन्ही सेट एकाच नंबरावर बोलायचं. नागसेननं वळखलं. नंबर बदलायचा बारका खडा असतो म्हनं, त्यो मागवला. आजून येत न्हवता. तवर काय?

नागसेननं दोन्ही गावच्या मानसांना समजावलं. "एका बैलाला दोघांनी दोन बाजूनं कासरा ओढला तर बैल काय करंल? कुठंतरी जाऊन धडकंल. तसंच इमान. एक सेट चालू असताना दुसरा सुरू झाला की खलास. म्हनून सेट सुरू करायच्या आधी निशान वर करायचं. पल्याड निशान दिसलं की आपला सेट बंद. पल्याड दिसत न्हाई, तवाच आपला सुरू. कंपनीनं सेटवर निळी पट्टी लावल्याली हाय, म्हंजे ह्या नंबरचं निशान निळं. दोघांचं बी निळं."

पल्याडच्या शाळंच्या व्हरांड्यात बैठक बसल्याली. मी त्या वक्ताला माहेरी हुते, बाया मागं बसल्या हुत्या त्येंच्यात मी. निळं म्हटलं आन् पल्याडची मंडळी एकमेकांकडं बगाया लागली. आमी बौद्ध. आमच्या विहारावर निळा झेंडा. त्यांना वाटलं, ह्यो आपल्या घाटावर ह्येंचा झेंडा लावाया निघाला.

एक म्हातारा म्हनला, "निळंच कशाला? आमच्या गावात निळं कशाला?"

"कंपनीनं ठरवलंय वो आबा," नागसेन म्हनला.

"कंपनी कुनाची हाय?"

"जपानची."

"मग जपानात लावा."

लोकं हसाया लागली. दुसरा म्हनला, हिरवं करा. तिसरा लगेच, हिरवं नको बाबा, उद्या आनि एक बैठक बसंल. तांबडं म्हटलं तर तांबडं त्या पार्टीचं. पिवळं म्हटलं तर, लगीन हाय का कुनाचं, का जत्रा. लालासाहेब म्हनला, "मग पांढरं घ्या की!" तर त्येची चुलती हिकडनं वरडली, "लाला, थोबाड फुटंल! पांढरं मयताचं असतंय. मानसं वाचवायला जानार का पोचवायला?"

शेवटी पल्याडची मंडळी म्हनली, आमी भगवं लावतो, तुमी निळं लावा. ज्येचं त्येचं ज्येच्या त्येच्या काठावर. कटकट न्हाई.

नागसेन लालासाहेबकडं बगून म्हनला, "लाला, रंग कुठला का असंना, पर घाटावरच लावायचं. पायऱ्यांच्या वर जो खांब हाय त्येलाच. दुसरीकडं न्हाई."

"व्हय गड्या. खांबालाच," लालासाहेब म्हनला.

त्या उन्हाळ्यात त्यांनी लय बारीला सराव केला. हिकडं खांबावर निळं गेलं की तिकडचा सेट बंद. तिकडं भगवं गेलं की हिकडचा बंद. एकदा सुदीक चूक न्हाई. दोन्ही काठ झाडीनं हिरवंगार, त्येच्यापुढं निशान लांबनं दिसायचं.

मग त्यो पूर आला. साताऱ्याकडं वर पावसानं झोडपलं हुतं, धरनातनं पानी सोडलं. गिरनीला सुट्टी म्हनून मी माहेरी आल्याली ती अडकले. नदी चढली ती घाटाच्या पायऱ्या गिळून वर आली. दोन्ही काठचं खांब पान्याखाली. हिकडची मंडळी मागं सरकून विहाराच्या अंगनात आली, उंचवटा तेवढाच हुता. तिकडची मंडळी देवळाच्या पटांगनात गेली, तिकडं तेवढाच उंचवटा.

आन् मधी जॅकवेल. नदीतनं पानी उपसायची उंच हीर असती, ती. तिच्या माथ्यावर हरणाबाई धनगरीन आन् तिचा लेक सिद्धू. शेरडं काढाया नदीकाठच्या मळीत गेल्याली, पानी मागनं आलं. पान्याचा आवाज असा की शेजारी मानूस वरडला तरी ऐकू येईना. पूल बुडल्याला, फोन मेल्यालं. त्या काठाला ह्या काठाचं काय कळायचं म्हंजे डोळ्यानंच.

नाथाजीनं निशान वर केलं. माझ्या डोळ्यादेखत. विहाराच्या झेंड्याशेजारी एक वेळूची काठी रोवली आन् तिला निळं बांधलं. नागसेननं पल्याड बगितलं. लय येळ बगितलं. म्हनला, "नाथा, तिकडं देवळाचा झेंडा हाय फकस्त. लालानं निशान केल्यालं न्हाई. चला."

त्येनं इंजान सुरू केलं. नाथाजीनं इमान हातातनं सोडलं. दोरी बादलीतनं सुळसुळ करत निघाली. पावसात ते पाखरावानी दिसत हुतं. जॅकवेलच्या जवळ गेलं. सिद्धूनं हात वर केलं. आता डोक्यावरनं जानार, दोरी पडनार. मी तोंडावर पदर धरल्याला.

आन् इमान थरथरलं. एकदम. कुनीतरी कान धरून हिसडा द्यावा तसं. नागसेन सेटच्या काड्या दाबतोय, वरडतोय, "आरं! आरं! ऐक की!" इमानाला. ते उलटं झालं, नाक खाली केलं आन् गेलं सरळ पान्यात. बुडुक. बस. एवढंच.

मी बगतच राहिले. नागसेन पन सेटकडं बगत राहिला, जसं काय त्यो सेट त्येचा न्हाईच.

जॅकवेलच्या कडंनं पानी माथ्याला लागाय लागलं हुतं. दुसरं इमान न्हवतं. नागसेननं सेट माझ्या हातात दिला. म्हनला, "धर आक्का." तवा मला कळाय पायजे हुतं. त्येनं सेट कवाच कुनाला दिला न्हवता. कमरंला दोर बांधला.

नाथाजी म्हनला, "आरं नियम तुझाच की!"

"सेट आक्काकडं हाय," नागसेन म्हनला. "आता मी सेटवाला न्हाई."

ह्ये त्येचं शेवटचं बोलनं. हसून बोलला. खरंच हसून.

त्यो पोचला. मी सांगते, पोचला. दोर जॅकवेलच्या कड्याला बांधला, हात वर केला, नाव सुटली. आन् वरनं एक झाड आलं, मुळासकट, गोल फिरत. पान्यात नुसतं काळं दिसलं. मग त्यो दिसला न्हाई. दोर तसाच ताठ. नाव त्या दोराला धरून गेली, हरणाबाई आली, सिद्धू आला. मी सेट धरून हुबी. कुनीतरी माझ्या हातातनं सोडवून घेतला.

खालच्या अंगाला उसात सापडला त्यो, पानी उतरल्यावर. त्येच्या बायकोनं, आम्रपालीनं, त्येची पावलं पुसली आन् पुसतच राहिली.

पुण्यानुमोदन झालं, आमच्यात गेल्याल्या मानसासाठी करत्यात ते. आन् मानसांची तोंडं सुरू झाली. खेळन्यापायी गेला. फौजेतला शहानपना केला. इमान घरात बनवल्यालं, कापड-बिपड सुटलं असंल. ते कापडाचं मी कानानं ऐकलं, आन् माझ्या हातातली घागर तशीच राहिली.

मग एक दिस सिद्धू आला. खांद्यावर इमानाचा पंख. बाभळीच्या काट्यात अडकल्याला, म्हनला. मोडल्याला, चिखल माखल्याला. मी पदरानं पुसला. पुसता पुसता हात थांबला. कापड कुठंच सुटल्यालं न्हवतं. कड न् कड तशीच. टिचकी मारली. वाजला.

मी रडले त्या दिशी, पयल्यांदा. आन् मग परत तीच गोष्ट. कापड न्हवं, तर कशानं पडलं?

साहेब चौकशीला येनार म्हनून परत त्याच शाळंच्या व्हरांड्यात दोन्ही गावं बसली. मी पंख घिऊन गेले. म्हटलं, दावू तरी, कापड सुटलं न्हवतं म्हनून. मी बोलायच्या आधी लालासाहेब उठला. दाढी वाढल्याली. त्या दिसापास्नं त्यो आमच्या घराकडं फिरकला न्हवता. मला वाटायचं, गडी दोस्तासाठी खचलाय.

म्हनला, "इमान पडलं तवा माझा सेट चालू हुता."

मला आधी कळलंच न्हाई. मी आम्रपालीकडं बगितलं.

"मी बी हरणाबाईसाठीच इमान लावत हुतो," त्यो म्हनला. "सेट सुरू करून पंख हलत्यात का बगितलं, तेवढंच. साहेबांनी मला काय करायचं ते करावं. पर आक्का, तुमच्या काठावर निशान न्हवतं वो. मी चार बारीला बगितलं. नुसता विहाराचा झेंडा हुता."

नाथाजी ताडकन उठला. "कुनाला सांगतोस? ह्या हातानं बांधलं मी! तूच निशान न करता सेट सुरू केलास!"

"मी केलं हुतं! देवळाच्या पुढं लावलं हुतं!"

"खोटं! नागसेननं बगितलं, नुसता देवळाचा झेंडा हुता! मेल्याला मानूस खोटं बोलतोय का?"

"आन् आमचा लाला खोटं बोलतोय व्हय?" मागनं पल्याडची पोरं उठली. हिकडची उठली. कुनीतरी कुनाची कॉलर धरली. साहेब "बसा, बसा" करतंय, कोन ऐकतंय. मला वाटलं, आता हितं आनि मुडदं पडनार नागसेनच्या नावानं.

तवर हरणाबाई बोलली. ती खांबाला टेकून बसल्याली. तिला कुनी इचारलंच न्हवतं, ती काय बोलनार म्हनून.

"भांडताय कशापायी रं?" ती म्हनली. "मी मधी हुते की. मला दोन्हीकडचं दिसत हुतं. तिकडं दोन भगवं हुतं, एकाशेजारी एक. हिकडं दोन निळं. मी सिद्धूला म्हटलं बी, आज काय सन हाय का रं, दोन्हीकडं दोन दोन झेंडं लावल्यात."

सगळी हुबी हुती तशीच राहिली. कॉलर धरल्याला हात कॉलरीवरच राहिला.

मला एकएक करून कळत गेलं. खांब बुडल्यालं. म्हनून ही विहारापाशी गेली, ती देवळापाशी. निळ्याशेजारी निळं लावलं. भगव्याशेजारी भगवं लावलं. हिकडच्यानं तिकडं बगितलं, त्येला वाटलं त्येंचा नेहमीचा झेंडा. तिकडच्यानं हिकडं बगितलं, त्येला वाटलं ह्येंचा नेहमीचा झेंडा. जन्मभर बगत आल्यालं, एकमेकांचं झेंडं. एक हाय का दोन हायत, कोन मोजतंय?

कुनी खोटं बोललं न्हवतं. कुनी नियम मोडला न्हवता. नागसेननं बगून उडवलं, लालासाहेबनं बगून सुरू केलं. आन् माझा भाऊ गेला.

लालासाहेब खाली बसला. बसला म्हंजे पडलाच. त्यो माझ्यापुढं हात जोडाया लागला, मला ते बी बगवंना. मी कुनाला काय बोलू? बोलायला कुनीतरी दोषी असावा लागतो. मी नुसता पंख मांडीवर धरून बसले.

साहेबांनी दोन्ही सेट पेटीत घालून नेलं. लय महिन्यांनी परत दिलं, नवा खडा घालून, दोन येगळ्या नंबरांचं. तरी लालासाहेबनं निशानाचा नियम सोडला न्हाई. म्हनला, नंबर येगळा असला तरी निशान पायजे. मग इचाराया लागलं, आता रंग कुठला? ह्या बारीला बैठकीत कुनी हसलं न्हाई. लालासाहेबची चुलती, जी पांढऱ्याला वरडली हुती, ती आमच्या दारात आली. म्हनली, "अंजना, तुझ्याकडं ते कोरं कापड हाय का गं? रंग न दिल्यालं?"

मी दिलं. दोन्ही काठांना पुरंल एवढं दिलं. आता पूर आला की त्येच लावत्यात. झाडीपुढं लांबनं दिसतंय म्हनत्यात. मी बगाय गेले न्हाई कवा.

माझ्या घरात त्या कापडाचा अख्खा तागा पडल्याला हुता. पयल्या बैठकीच्या दिशी सुदीक हुता. मी तिथंच मागं बसल्याली. सगळं रंग इचारून झालं, पर ते बिनरंगाचं कुनी मागं वळून मागितलं न्हाई.